घोटाळ्याचं पुढे काय झालं, संपादक?

प्रति,
स्वतःला निःपक्ष म्हणवणाऱ्या दैनिकाचे संपादक यांस,



तुमचं आणि तुमच्या पेपरचं नाव इथे लिहीत नाही. हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला पहिल्या चार ओळींत कळेल.

तुम्ही भ्रष्टाचाराविरुद्ध लिहिता, आणि जोरात लिहिता. पण आधी आरोपीचा पक्ष बघता आणि मग लेखणी उचलता. त्या माणसाने पक्ष बदलला की तुमची लेखणी थांबते. घोटाळा तोच, कागद तेच, बुडालेला पैसाही तोच. मग तुमच्या पानावरून तो नाहीसा कसा होतो, याचा जाब मी तुम्हाला विचारतो आहे.

सिंचनाचंच घ्या. राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून २०१२ साली महाराष्ट्राला कळलं की दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्ची पडले आणि सिंचनक्षमता वाढली ०.१ टक्के. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी आतून पत्र लिहिलं. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पुन्हा त्याच पदावर आले. विरोधी पक्षाने या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीकडे बैलगाडीतून कागदपत्रं नेली. तुम्ही त्या बैलगाडीचा फोटो छापलात, अग्रलेख लिहिलात, मालिका चालवलीत. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या अंकांच्या फाइली बांधायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे तुमचं त्या दिवसांतलं पहिलं पान माझ्या हाताखालून गेलं आहे. आठ कॉलमी मथळा, खाली धरणाच्या कोरड्या कालव्याचा फोटो, शेजारच्या चौकटीत कंत्राटदारांची यादी. चांगलं काम होतं ते. म्हणूनच पुढचं पाहून राग येतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र दिलं, की या गैरव्यवहारांची जबाबदारी तत्कालीन जलसंपदा मंत्री म्हणून अजित पवारांवर येते. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ अखेरीस, त्याच विभागाने त्याच खंडपीठासाठी दुसरं प्रतिज्ञापत्र केलं, की त्यांच्याविरुद्ध काही आढळलं नाही. मधे २३ नोव्हेंबरला भाजपबरोबर अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी झाला, २५ तारखेला सिंचनाची नऊ प्रकरणं बंद झाल्याची बातमी आली आणि लगेच सरकारही बदललं. नऊ प्रकरणांचा पवारांशी संबंध नाही, असा खुलासा विभागाने केला होता. असेलही तसं. पण दोन प्रतिज्ञापत्रं एकाच विभागाची, एका वर्षाच्या अंतराने, एकमेकांच्या विरुद्ध. बातमीदाराला याहून सोपी बातमी कोण देणार? दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि विचारायचं, या वर्षात कोणता नवा पुरावा सापडला, कोणता जुना खोटा ठरला? तुमच्या त्या सुमाराच्या फाइलीत दुसऱ्या प्रतिज्ञापत्राची बातमी आहे. आतल्या पानावर, एका कॉलमात, निविदा सूचनेच्या वर. २०१८ च्या प्रतिज्ञापत्राचा त्यात उल्लेखही नाही.

मग २०२३ आलं. २७ जूनला पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीवर ७०,००० कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि २ जुलैला अजित पवार महायुतीच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. मधे पाच दिवस. ज्या पेपरनं दहा वर्षं हा आकडा लावून धरला, त्याने दुसऱ्या दिवशी काय छापलं? नव्या मंत्र्यांचा तक्ता. ७०,००० हा आकडा तुमच्या पानावर पुन्हा दिसला नाही. आणि गंमत नव्हे, चीड आणणारी गोष्ट ही, की २०१२ साली या आकड्याला 'राजकीय षड्यंत्र' म्हणणारा तुमच्या समोरच्या बाजूचा पेपर त्याच आठवड्यात त्यावर विशेष पान काढून मोकळा झाला. दोघांनी आरोपीची अदलाबदल केली. गोसीखुर्दचा ३७२ कोटींचा प्रकल्प १८,००० कोटींवर गेला, त्या प्रकल्पात घरं आणि शेतं गेलेल्या भंडारा-नागपूरच्या माणसांना मात्र तुम्ही दोघांनीही विचारलं नाही.

आदर्श सोसायटी घोटाळ्याची कथा तर याहून आखूड आहे. कुलाब्यातली ३१ मजली इमारत, नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांचा मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा, सीबीआयचा गुन्हा, खटल्यासाठी एका राज्यपालांचा नकार, दुसऱ्यांची परवानगी आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलेली ती परवानगी. न्यायालयाने जे म्हटलं ते मला मान्य आहे. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, हेही मान्य आहे. पण ८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारने संसदेत ठेवलेल्या श्वेतपत्रिकेत आदर्शचं नाव आधीच्या सरकारच्या घोटाळ्यांत होतं, आणि १३ फेब्रुवारीला चव्हाण भाजपमध्ये गेले. श्वेतपत्रिका तुम्ही पहिल्या पानावर छापलीत. प्रवेशही पहिल्या पानावर छापलात. दोन्ही बातम्यांत एकच माणूस आहे, हे सांगणारं एक वाक्य लिहायला तुमच्याकडे जागा नव्हती?

हे कसं घडतं ते तुमच्या डेस्कवरच्या कुठल्याही उपसंपादकाला विचारा. खोटं काही छापावं लागत नाही. विरोधकाची बातमी पान एकवर, आपल्याची पान सातवर. विरोधकाच्या बातमीला मथळ्यात आरोप, आपल्याच्या बातमीला मथळ्यात 'आरोप फेटाळले'. विरोधकाचा फोटो घाम पुसतानाचा, आपल्याचा हार घालतानाचा. विरोधकाच्या प्रकरणाचा पाठपुरावा करायला खास प्रतिनिधी, आपल्याच्या प्रकरणाला वृत्तसंस्थेच्या चार ओळी. यातली एकही गोष्ट प्रेस कौन्सिलपुढे सिद्ध करता येणार नाही, आणि याच भरवशावर तुम्ही बसला आहात.

तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: वाचकाला जे हवं ते आम्ही देतो. हे उत्तर तपासलं गेलं आहे. रिकार्डो पुग्लिसी आणि जेम्स स्नायडर या अभ्यासकांनी अमेरिकेतली सुमारे दोनशे दैनिकं घेऊन, त्यांनी तिथल्या राजकीय घोटाळ्यांना किती जागा दिली ते मोजलं. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारांना पाठिंबा देणारी दैनिकं रिपब्लिकन नेत्यांच्या घोटाळ्यांना तुलनेने जास्त जागा देत होती, आणि रिपब्लिकनांकडे झुकलेली दैनिकं उलट करत होती. वाचकांचा राजकीय कल हिशेबात धरून पाहिलं, तरी हा फरक उरलाच. म्हणजे बोट वाचकाकडे दाखवून सुटका नाही. पान लावणारा हात तुमचाच आहे.

बाजू घेणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. 'सामना' १९८८ पासून एका पक्षाचं मुखपत्र म्हणून निघतो, विकत घेणाऱ्याला ते माहीत असतं. 'इंडियन एक्स्प्रेस'चे मालक रामनाथ गोएंका इंदिरा गांधींचे उघड विरोधक होते. पण म्हणून काही ३१ ऑगस्ट १९८१ ला त्यांच्या पेपरात अरुण शौरींनी मुख्यमंत्री अंतुले आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानबद्दल जे लिहिलं ते खोटं ठरलं नाही. सिमेंटचं वाटप आणि बिल्डरांच्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये मान्य केला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. कल होता, पण कागदही होते, आणि निकाल लागेपर्यंत त्यांनी विषय सोडला नाही. तुमच्याकडे पहिली गोष्ट आहे, दुसरी कधीकधी असते, तिसरी नाही.

आणि पैशाचं काय? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारखी छापून आली, ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर नावानिशी अहवाल लिहिला, आणि कौन्सिलने २०१० साली तो अख्खा प्रसिद्ध करायचं टाळलं. त्या अहवालाबद्दल तुमच्या फाइलीत मला एक ओळ सापडली नाही. आज तुमच्या पहिल्या पानाआधी सरकारी जाहिरातीचं अख्खं पान येतं, आणि ते उलटल्यावरच बातमी सुरू होते. त्या जाहिरातीखाली कोणती बातमी गेली असेल, हा विचार आता दररोज मनात येतो. माझ्यासारख्या वाचकाला तुम्ही या पातळीवर आणून ठेवलं आहे.

म्हणून मागणी साधी आहे. तुमच्या पेपरने पान एकवर काढलेल्या प्रत्येक घोटाळ्याचं पुढे काय झालं, ते पान एकवरच छापा. गुन्हा कुठे अडला, कोण सुटलं, कशामुळे सुटलं, आज ते कोणत्या पक्षात आहेत. सुरुवात सिंचनाच्या त्या दोन प्रतिज्ञापत्रांपासून करा, दोन्ही तारखांसह, शेजारी शेजारी. ते छापायचं नसेल, तर नावाच्या वरचं 'निःपक्ष' काढून तिथे तुमच्या पक्षाचं नाव घाला, म्हणजे वाचनालयात तुमचा अंक कोणत्या पक्षाच्या फाइलीत लावायचा हे मला ठरवता येईल.

हे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात घेणार असाल तर कापू नका. फार लांब वाटलं तर परत पाठवा.

कळावे,
आपला,
एक वर्गणीदार