पॅरिसचा मास्तर आणि त्याची वही

"माई, मेथी निवडता निवडता एकट्याच हसताय. कोणाची कुचाळकी चाललीय?"

"अगं, ये अशी भिंतीजवळ. आबेलारची. मेला 1142 साली, पण भानगड अजून ताजी आहे."

"कोण हा?"

"फ्रान्सचा मास्तर. पॅरिसात नोत्र दामच्या शाळेत तर्कशास्त्र शिकवायचा. बाप सरदार, हा थोरला मुलगा. पण जमीन नि तलवार भावांच्या हवाली केली आणि वाद घालत गावोगाव हिंडला. स्वतःच्या गुरूला भर वर्गात असं कोंडीत धरलं की गुरूला आपलं मत बदलावं लागलं."

"आगाऊच दिसतोय."

"आगाऊ तर होताच. पुढचं ऐक. चर्चमधला एक अधिकारी, फुल्बेर. त्याची भाची एलोईज, विद्वान म्हणून नावाजलेली पोरगी. यानं फुल्बेरच्याच घरात खोली घेतली, वर भाचीची शिकवणी. मामाला वाटलं, घरबसल्या मास्तर मिळाला."

"आणि मास्तरानं शिकवलं भलतंच!"

"गावभर बोभाटा झाला, मामाला सगळ्यात शेवटी कळलं. मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवलं, तर ॲस्ट्रोलेब! ग्रहतारे मोजायचं यंत्र असतं ना, तेच. मग चोरून लग्न. आणि लग्नाला नको कोण म्हणत होतं सांग? तीच! पाळणा आणि पोथ्या एका घरात नांदायच्या नाहीत, असं तिचं म्हणणं. मामानं लग्नाची बातमी फोडली, तिनं चारचौघांत साफ नाकारली, यानं तिला मठात नेऊन ठेवलं. मामाला वाटलं, पोरीला टाकली. मग रात्री माणसं घातली घरात."

"मारलं?"

"मारलं नाही गं. खच्ची केलं."

"अगंबाई!"

"मी रचून सांगत नाहीये, त्यानंच स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. पुढं हा साधू झाला, ती जोगीण. लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं. मला मात्र कौतुक आहे ते त्याच्या वहीचं."

"आता वही कुठून आली?"

"'सिक एट नॉन' म्हणून ग्रंथ आहे, होय आणि नाही. त्यात 158 प्रश्न. पहिलाच बघ: श्रद्धेला बुद्धीचा आधार द्यावा की देऊ नये? खाली जुन्या धर्माचार्यांची वचनं, काही या बाजूची, काही त्या बाजूची. आपल्याकडे श्राद्धाला अमुक चालतं म्हणून थोरल्या आत्यानं सांगावं, चालत नाही म्हणून आजीनं, आणि पोरानं दोघींचं बोलणं एका पानावर उतरवून सगळ्यांसमोर ठेवावं, तसं."

"आणि बरोबर कोण, ते?"

"तेच तर लिहिलं नाही! विद्यार्थ्यांनी शोधावं. प्रस्तावनेत फक्त वाट दाखवली. नकलणाऱ्यानं चूक केली नाही ना, बघा. तोच शब्द दोघांनी वेगळ्या अर्थानं वापरलाय का, बघा. लिहिणाऱ्यानं पुढं आपलं मत मागं घेतलं होतं का, तेही बघा. संत ऑगस्टीननं म्हातारपणी आपल्याच पुस्तकांतल्या चुकांचं पुस्तक लिहिलं होतं, त्याचा दाखला दिलाय. आणि म्हणतो, शंका आली की माणूस विचारायला लागतो, विचारलं की सत्य हाती लागतं. बाराव्या शतकात, साधूच्या कफनीत बसून!"

"चर्चनं ऐकून घेतलं हे?"

"कसलं! 1121 साली सोसाँच्या सभेत त्याचं आधीचं एक पुस्तक त्याच्याच हातून आगीत टाकायला लावलं. पुढं सांसच्या सभेत संत बर्नार्डनं घेरलं. पण पद्धत काही जळली नाही. पीटर लोम्बार्डनं तसाच मतमतांतरांचा ग्रंथ रचला, फक्त उत्तरांसकट. तो कितीतरी शतकं विद्यापीठांचं पाठ्यपुस्तक होता. ल्यूथरनंसुद्धा तरुणपणी त्यावर व्याख्यानं दिली. आणि थॉमस अक्वायनस तर कळसच. देव आहे का, या प्रश्नाला त्याचं पहिलं वाक्य काय असेल?"

"आहे, म्हणेल. साधूच ना?"

"नाही! आधी म्हणतो, देव नसावा असं दिसतं. अपार चांगुलपणा असता तर जगात वाईट उरलंच नसतं. शिवाय सगळं निसर्गानंच उलगडतं, मग देव कशाला हवा? विरोधकाचं म्हणणं एवढं जोरकस मांडून मग आपले पाच युक्तिवाद."

"हा तर आपला पूर्वपक्ष झाला, माई."

"अगदी. आपल्या पंडितांकडे होताच. तिकडे मात्र त्याची विद्यापीठं झाली. तुझा भाचा जर्मनीत प्रबंध घेऊन परीक्षकांसमोर उभा राहिला होता ना, आक्षेप झेलत? ती चाल तिथलीच. देकार्त म्हणे जुनं सगळं पुसून नव्यानं सुरुवात करणारा. पण 1641 साली पुस्तक काढलं ते इतरांचे आक्षेप नि त्यांना दिलेली उत्तरं जोडूनच, आणि त्यातला देवाचा एक पुरावा थेट अकराव्या शतकातल्या संत ॲन्सेल्मच्या वळणाचा. मध्ययुग म्हणजे नुसता काळोख, असं शाळेत शिकवतात ना, तेव्हा मला राग येतो. अर्थात पुस्तकं जाळणारेही तिथलेच, ते नाकारून चालणार नाही."

"ते राहू द्या. पोराचं काय झालं?"

"कोणत्या?"

"त्या यंत्राचं नाव ठेवलेल्या!"

"हां. आत्याकडे वाढला. आबेलारला अखेरीस क्लूनीच्या मठाधिपतीनं, पीटरनं आसरा दिला. तो गेल्यावर एलोईजनं पीटरला पत्र लिहिलं. नवऱ्याच्या थडग्यावर टांगायला पापमुक्तीचा शिक्कामोर्तब केलेला कागद मागितला, आणि त्याच पत्रात लिहिलं, आमच्या मुलाला चर्चमध्ये कुठं पगाराची जागा मिळते का बघा."

"मिळाली?"

"कागद आला. जागेचं पीटर म्हणाला, करतो प्रयत्न, पण अशा गोष्टीत बिशप लोक फार आढेवेढे घेतात."

"म्हणजे लावली नाही त्यानं. माई, मी सांगते, 'प्रयत्न करतो' म्हणणारा कधी लावत नाही!"