शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने

शनिवारी मध्यरात्री पुण्यात हडपसरच्या मगरपट्ट्यातल्या एखाद्या काचेच्या इमारतीत एकच मजला उजळलेला दिसला, तर खुशाल समजावे की आत कुणीतरी स्विच अपग्रेड करीत बसले आहे. भिंतीवरचा स्विच नव्हे. सगळ्या मजल्याच्या केबली ज्यात खोचलेल्या असतात, तो नेटवर्कचा चपटा डबा. तो पडला की मजलाच्या मजला हातावर हात धरून बसतो. म्हणून सॉफ्टवेअर बदलायचा मुहूर्त साहेब झोपल्यावरचा.

नव्या सॉफ्टवेअरबरोबर एक पोथी येते, रिलीज नोट्स नावाची. पुढच्या पानांवरच्या नव्या सोयी सगळेच वाचतात. खरे वाङ्मय मागे, ‘ज्ञात मर्यादा’ या अध्यायात. अमुक आणि तमुक सोय एकत्र चालू केल्यास स्विच आपणहून रीबूट होऊ शकतो. उपाय? एकत्र चालू करू नये! पुढे दक्षता: कॉन्फिगचा बॅकअप घ्या, फ्लॅशमध्ये जागा आहे का बघा, चेकसम जुळवा, फार जुन्या आवृत्तीवरून थेट उडी न मारता मधल्या आवृत्तीवर मुक्काम करा. आणि अपग्रेड चालू असताना वीजपुरवठा खंडित करू नका. हे शेवटचे वाक्य हडपसरात वाचताना गहिवरून येते. आम्ही कोण खंडित करणार?

यातली खुबी अशी, की एकदा छापला की दोष कंपनीचा राहत नाही, न वाचणाऱ्याचा होतो.

अर्थात वाचूनही पडायचे ते पडतेच. कॅनडातल्या रॉजर्स कंपनीने सात टप्प्यांचे अपग्रेड काढले होते. 8 जुलै 2022 रोजी सहाव्या टप्प्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन-इंटरनेट गेले. दुरुस्ती करणाऱ्यांची भिस्तही त्याच नेटवर्कवर. एकमेकांना सांगणार कसे?

पण रिलीज नोट्सच्या या वाङ्मयप्रकारात पुणे महापालिकेचा हात कुणी धरू शकणार नाही. ‘देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. नागरिकांनी सहकार्य करावे.’ अपग्रेडची वेळ, नंतरची ज्ञात मर्यादा आणि वापरणाऱ्याची जबाबदारी, सगळे तीन वाक्यांत. स्विच बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या लोकांना याला चाळीस पाने लागतात. बॅकअपचे तर सांगावेच लागत नाही. बुधवारी रात्री घरोघरी पिंपे भरलेली असतात. पर्यायी लिंक म्हणून टँकर. तो मात्र सॉफ्टवेअरच्या परवान्यासारखा वेगळे पैसे मोजून घ्यायचा.

नोट्स छापायच्या राहिल्या त्या बीआरटीच्या. 2006 च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर ती प्रायोगिक म्हणून आली. नवी सोय ठळक होती: बसला स्वतंत्र लेन. त्या लेनमध्ये दुचाक्या शिरतील, रिक्षा शिरतील, आणि बससाठी रस्त्याच्या मधोमध पोहोचायचे तर आजींनी वाहनांतून पळायचे, ही मर्यादा हडपसर गाडीतळावरच्या कुठल्याही भाजीवाल्या मावशींना ज्ञात होती. त्यांना कुणी विचारले नाही. इंजिनिअर मंडळी निदान आधी एका स्विचवर करून बघतात, मग बाकीच्यांवर. आपल्याकडे तो एक स्विच म्हणजे सोलापूर रस्ता.

आता म्हणे, बीआरटीआधीच्या जुन्या आवृत्तीवर परत जा. जाऊ की. पण बॅकअप कुणी घेतला होता?