कळलावी

चादरीला वजन असतं, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. चादर सोलापुरी, धुऊन धुऊन मऊ पडलेली. रात्री अडीचच्या सुमारास ती उजव्या पायाच्या अंगठ्यावरून नुसती सरकली आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला, की बायकोने आधी दिवा लावला आणि मग चप्पल हातात घेऊन विंचू शोधायला सुरुवात केली. विंचू नव्हता. होता तो माझाच अंगठा. पण ओळख न देणारा. लालबुंद, तुकतुकीत, मानपान न झालेल्या जावयासारखा फुगून बसलेला. बाकीची चार बोटं वऱ्हाडी मंडळींसारखी खाली मान घालून शेजारी उभी. पंख्याचा वारा लागला तरी ठणका मस्तकात जात होता. शेवटी बायकोने वेताची टोपली आणून पायावर पालथी घातली आणि तिच्यावरून चादर ओढली. लहानपणी आमच्या अंगणात खुडूक कोंबडी अशीच डालग्याखाली झाकलेली असायची. उरलेली रात्र मी त्या डालग्याकडे बघत काढली.

सकाळपर्यंत दुखण्याचं बारसं झालं. शेजारच्या अण्णांनी दारातूनच ‘युरिक’ असं निदान केलं. पुढचा ‘अ‍ॅसिड’ हा शब्द त्यांना अनावश्यक वाटतो. मुलगा पुण्याहून फोनवर ‘गाऊट’ म्हणाला. वाचनालयातले माझे वैद्यमित्र ‘वातरक्त’ म्हणाले. आमच्या शहरालाही २०२४ साली नवं नाव मिळालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण बोलण्यात माणसं अजून ‘नगरला चाललो’ असंच म्हणतात. माझ्या अंगठ्याचंही तसंच. नाव काहीही द्या, तो एकाच हाकेला ओ देत होता: ‘आई गं!’

वैद्यमित्रांनी त्यातही मला एक सुख दिलं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला एकोणतिसावा अध्याय याच रोगावर आहे आणि तिथे त्याला ‘आढ्यवात’ असंही म्हटलंय. आढ्य म्हणजे धनवान. गोडधोड खाणाऱ्या, सुखात लोळणाऱ्या, चालणं-फिरणं माहीत नसलेल्या सुकुमार माणसांना तो गाठतो म्हणे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं खडू झिजवलेल्या माणसाला आयुष्यात कुणी आढ्य म्हटलं नव्हतं. सुकुमार तर आईनेही म्हटलं नव्हतं. मग मनात आलं, आपल्या जिल्ह्यात हे व्हायचंच होतं. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग बघता बघता जिल्हाभर चिमण्या उगवल्या, आणि जे गोड पूर्वी सणाला वाटीत पडायचं ते रोज कपात पडू लागलं. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा. ते यकृतात मोडताना यूरिक अ‍ॅसिड तयार होतं. म्हणजे सरदार-जहागीरदारांचा रोग आम्ही सहकारी तत्त्वावर सभासदांत वाटून घेतला. त्यात आदल्या रविवारी गावची जत्रा. मटणाचा रस्सा दोनदा, कलेजी ‘एवढीशी’ म्हणत तीनदा. वाट्यावर लाभांश मिळणार नाही तर काय!

रक्तात यूरिक अ‍ॅसिड विरघळून राहतं ते एका मर्यादेपर्यंत, डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम. त्यापुढचं जादाचं अ‍ॅसिड गारवा शोधत निघतं. पायाचा अंगठा शरीराच्या पार वेशीवरचा, रात्री गार पडणारा. पाक गार होताना दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे तिथे सांध्यात सुईसारखे स्फटिक धरतात. एखाद्या रात्री शरीराच्या शिपायांना त्यांचा सुगावा लागतो आणि सगळी फौज अंगठ्यावर धावून जाते. खरा ठणका सुयांचा नाहीच, बंदोबस्ताचा आहे. मोर्चा दहा जणांचा आणि लाठीमार गावभर, तसा प्रकार.

अण्णा दुपारी पुन्हा आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. त्यांच्या डब्यात औषधांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला इतिहास आहे. ही मेव्हण्याच्या कंबरेची, ही सुनेच्या दाढेची, ही कुणाची ते आठवत नाही पण भारी आहे. “सर, ही एक आत्ता आणि ही दुसरी रात्री. उद्या शहा डोंगर चढाल,” ते म्हणाले. दोन वेगवेगळ्या पट्ट्या त्यांनी प्रसादासारख्या माझ्या तळहातावर ठेवल्या. त्या क्षणी डोंगरावरच्या चांदबीबी महालापर्यंत लंगडत का होईना पळायची माझी तयारी होती. पण बायकोने मूठ उघडून गोळ्या काढून घेतल्या. “आधी डॉक्टरांना विचारू,” ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात मला सर्वांत जास्त चिडवणारं आणि सर्वांत जास्त वेळा वाचवणारं हेच वाक्य आहे.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला तो घटकाभर. बाकीचा सगळा वेळ त्यांनी विचारण्यात घालवला. लग्नाच्या बोलणीत मुलाच्या मामाचं कूळ विचारतात तसं. बीपीची गोळी कोणती? पाणी उतरवणारी गोळी आहे का सोबत? पित्त, अल्सर, काळी शौच कधी? रक्त पातळ करणारं काही चालू? हृदयाचं काही? क्रिएटिनिन कधी तपासलंत? माझी आणि गोळीची पत्रिका जुळवणं चाललं होतं, आणि तपासणीचा कागद आल्यावर त्यांनी मान हलवली. गुण जुळत नव्हते. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड थोडं थकलेलं निघालं.

मी प्रवरेच्या काठचा आहे हे कळल्यावर त्यांनी समजावलं ते पाटाच्या भाषेत. मूत्रपिंड म्हणजे चारी समजा. पाणी उतरवणारी गोळी धरणाची पातळी खाली आणते. तुमची बीपीची गोळी चारीच्या शेवटचं दार उघडं ठेवते. आता वरून ही सूज उतरवणारी पेनकिलर घेतली की ती चारीच्या तोंडाचं दार ओढून घेते. एकेकटी कुणीही वाईट नाही. पण तिघी एकाच आवर्तनात आल्या की टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच मूत्रपिंडाचं. धडधाकट माणसाला हीच गोळी ते बेलाशक देतात. ठणका सुरू झाला की पहिल्याच दिवशी, पुऱ्या मात्रेत, जेवणानंतर. एका वेळी एकच, दोन पट्ट्यांची भेळ नाही. आणि सूज उतरली की बंद. स्टिरॉइडही थोडे दिवस चालतं, पण ते साखर चढवतं. “आणि रागावून बीपीची गोळी स्वतःच सोडू नका,” ते हसून म्हणाले. मी रागावलोय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

बाहेर बाकावर बसून मी चष्मा लावला आणि बायकोच्या मुठीतली अण्णांची एक पट्टी वाचली. डायक्लोफेनॅक. तीच, सूज उतरवणारी. हे नाव मी कुठे तरी वाचलं होतं, आणि ते माणसांबद्दल नव्हतं.

आमचं गाव अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या पायाशी. गावाबाहेर एक माळ होता. मेलेलं जनावर तिथे ओढून टाकायचे. शाळेत जाताना आम्ही नाक दाबून, पण मान वर करून तिथून जायचो, कारण आभाळात गिधाडं फेर धरलेली असायची. पंख न हलवता, देवळातल्या झुंबरासारखी संथ फिरणारी. खाली उतरली की मात्र पंगतीतल्या आगाऊ पाहुण्यांसारखी भांडायची. तासा-दोन तासांत माळ झाडून लख्ख. पुढे वडिलांचा म्हातारा बैल हरण्या गुडघ्याने जायबंदी झाला. साल १९९६ असावं. वडील स्वतःच्या तापाला काढ्यावर भागवणारे. पण बैलासाठी त्यांनी कोंबड्या विकल्या आणि डॉक्टर बोलावला. त्या वर्षांत दुखऱ्या जनावरांना सर्रास टोचलं जायचं ते हेच औषध. दोन दिवस हरण्या उभा राहिला, रवंथ केला, वडिलांचा हात चाटला. तिसऱ्या पहाटे गेला. “ठणक्याविना गेला,” वडील म्हणाले, आणि त्याला माळावर पोचवून आले.

त्यानंतरच्या काही वर्षांत आभाळ रिकामं झालं. कारण २००४ मध्ये कळलं. त्या औषधाचा अंश शरीरात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडायचं. पक्षी शरीरातला नायट्रोजन बाहेर टाकतात तो यूरिक अ‍ॅसिडच्याच रूपात. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. मूत्रपिंड थांबलं की ते अ‍ॅसिड आत साठतं आणि काळजावर, यकृतावर पांढऱ्या खडूसारखा थर धरतो. म्हणजे गाऊटच, अंगठ्याचा नव्हे, काळजाचा. माणसाचा गाऊट शमवणारी गोळी गिधाडाला गाऊट देऊन मारत होती. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशात हजाराला एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. पुढे माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातात म्हणून २०१५ मध्ये बाटलीही तीन मिलिलिटरची झाली. गिधाडाला न मारणारं मेलोक्सिकॅम तोवर सापडलं होतंच. विचारायला थोडा उशीर झाला, इतकंच.

आमच्या डोंगरांपलीकडे, नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात टाकेद आहे. जटायूने तिथे प्राण सोडले आणि रामाने त्याला अखेरचं पाणी पाजलं, अशी श्रद्धा. रावणाने निदान समोर उभं राहून त्याचे पंख छाटले. आम्ही त्याच्या वंशजांना मारलं ते माया करता करता, एका म्हाताऱ्या बैलाची कळ सोसवेना म्हणून. वडिलांना हे सांगायचं राहिलं ते बरंच झालं. कोंबड्या विकून केलेल्या पुण्याचा असा हिशेब कोणत्या चित्रगुप्ताने मांडायचा?

मला मिळाली ती कोल्चिसिनची गोळी. तांदळाच्या कण्यांच्या पंगतीत शोभेल इतकी लहान, आणि माझ्या मूत्रपिंडाकडे बघून तीही हात राखूनच. पूर्वी म्हणे जुलाब लागेपर्यंत ही देत राहायचे. सूज उतरते की पोट उतरतं, अशी शर्यत असायची. २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, सुरुवातीलाच घेतलेली थोडी मात्रा भरपूर मात्रेइतकाच गुण देते आणि पोटाला सोडून देते, असं दिसलं. काही अँटिबायोटिकांशी मात्र हिचं हाडवैर. म्हणून दुसरा कुठलाही डॉक्टर काही लिहून देऊ लागला, की हिचं नाव आधी सांगायचं.

हे औषध आपल्याकडे निघतं ते कळलावीच्या बियांतून, हे वाचलं आणि मला हसू आलं. आमच्या गावच्या कुंपणांवर पावसाळ्यात कळलावी पेटायची. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या वळलेल्या पाकळ्या आणि पानाच्या टोकाला वेलीचा आकडा. “हात लावू नकोस रे, कळ लागेल,” आई ओरडायची. मुळापासून बीपर्यंत विषारी. आमच्या भाषेत कळ लावणाऱ्याला काय मान असतो ते नारदाला विचारा! आणि आता हीच कळ लावणारी माझी कळ काढायला आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डालगं काढलं. कोंबडी शांत झाली होती.

अण्णांना त्यांच्या पट्ट्या परत केल्या. “घेतल्या नाहीत?” ते हिरमुसले. त्यांच्या डब्यात माया होती, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या कोंबड्यांतही होती. मी विचारलं, “अण्णा, तुमचं क्रिएटिनिन किती?” ते बराच वेळ माझ्याकडे, आपण याच्याशी इतकी वर्षं बोलत होतो तो हाच का, अशा नजरेने बघत राहिले. पण पुढच्या आठवड्यात लॅबच्या दारात दिसले, उपाशीपोटी.

श्रावणात नातीला घेऊन गावी गेलो. कुंपणावर कळलावी पेटलेली. तिने हात पुढे केला आणि माझ्या तोंडून आईचाच आवाज निघाला. “हात लावू नकोस.” “का?” “विषारी असते.” मग राहवेना म्हणून म्हटलं, “पण आजोबांचा अंगठा हिनेच बरा केला.” ती गोंधळली. “मग चांगली आहे की वाईट?” मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. उगाच वर, माळाच्या दिशेला बघत राहिलो. तिनेही मान वर केली. “आजोबा, काय बघताय? तिथे तर काहीच नाहीये.”

“हो ना,” मी म्हटलं.