अनामिक म्हैस आणि इतर लेखक

आमच्या वेळी शाळेत बघून लिहिणं हा गुन्हा होता. शेजारच्या पाटीकडे नुसती मान वळली तरी गुरुजींची छडी टेबलावर वाजायची. त्यामुळे पोरं दोघांच्या मध्ये दप्तराची भिंत बांधत, तीही पुरेशी वाटली नाही तर डाव्या हाताचा आडोसा करत आणि मगच लिहायला सुरुवात करत. माझ्या शेजारी बसणारा एक सवंगडी तर सात सक बेचाळीस इतक्या गुप्तपणे मांडायचा, की संस्थानच्या खजिन्याची वाट जणू त्या पाटीवर काढलेली आहे. बेचाळीस हे उत्तर अख्ख्या वर्गाला ठाऊक असायचं, पण ते एकट्यानं, घामाघूम होऊन, कुणालाही न दाखवता काढायचं, यातच विद्या होती. आता केस पिकल्यावर पाहतो तो, एकमेकांचं बघून, एकमेकांना विचारून, एकाच पानावर सगळ्यांनी लिहिणं याला मूल्यमापनाच्या तक्त्यात वेगळा रकाना आला आहे, आणि जो आडोसा करून लिहितो त्याच्याविषयी पालकसभेत हळू आवाजात बोललं जातं. आमच्या पाठीवरच्या वळांची भरपाई कुणाकडे मागायची, एवढंच कळत नाही.

हे सगळं मला दिसलं ते भाचीमुळे. ती पंचगंगेकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. “मामा, तुम्ही लिहिता नव्हं? मग आमची पोरं कशी लिहितात ते बघायला या की एकदा,” असं तिनं म्हटलं, आणि पावसाची एक उघडीप बघून मी गेलो. संगणकाची खोली म्हणजे पूर्वीची भांडारखोली असावी. कोपऱ्यात अजून लेझमांचा ढीग होता. आठ संगणक, त्यातले सहा शहाणे. एकेका खुर्चीवर दोन दोन पोरं, अर्धी खुर्चीवर आणि अर्धी हवेत. कीबोर्डच्या कळांवर मराठी अक्षरांचे कागदी स्टिकर चिकटवलेले, त्यातला ‘र’ इतक्या बोटांनी झिजवला होता की तो आता श्रद्धेनंच ओळखायचा. फळ्यावर भाचीनं विषय लिहिला, ‘आमचा पाऊस’, आणि सगळ्या संगणकांवर गुगल डॉकचं एकच कोरं पान उघडून दिलं.

या पानावर एका वेळी शंभर जण लिहू शकतात म्हणे. इथं सहाच हात होते, पण तेवढ्यांनीही काय वारी उठवली! प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, त्याच्या डोक्यावर नावाची चिमुकली पताका, आणि सगळ्या पताका एका ओळीत घुसून चेंगराचेंगरी करायला लागलेल्या. पहिल्या मिनिटात ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे’ हे वाक्य पानावर चार ठिकाणी उगवलं. कुणीतरी त्यातली तीन खोडली. ज्यांची खोडली त्यांनी ती दुप्पट करून पुन्हा लिहिली. एक पोरगी शांतपणे पानाच्या पार तळाला गेली, मध्ये वीसेक ओळी मोकळ्या सोडल्या आणि तिथं तिनं आपलं बिऱ्हाड थाटलं.

पताकांवरची नावं मात्र पोरांची नव्हती. लहान पोरांची कसली खाती असणार? नुसती लिंक उघडून बसलेल्यांना हे यंत्र स्वतःच बारसं करून नाव देतं, आणि नावं सगळी जनावरांची. अनामिक रॅकून, अनामिक वॉम्बॅट, अनामिक कॅपिबारा. एका खुर्चीवरून एकदम आरोळी उठली, “बाई, आमाला म्हैस आली!” खरंच तिथं ‘बफेलो’ लिहिलं होतं. शेजारच्या दोन खुर्च्यांवर असूया पसरली. ज्या गावात प्रतिष्ठा गोठ्यातल्या दाव्यांवर मोजतात, जिथून तासाभरावर कोल्हापूरच्या गंगावेशीत लोक म्हैस समोर उभी करून, धार काढून, फेसासकट ग्लास तोंडाला लावतात, तिथं वॉम्बॅट घेऊन माणसानं करायचं काय? मग ती म्हैस आपली नव्हेच, अमेरिकेतली असणार, म्हणजे दाजीपूरच्या गव्याच्या भावकीतली, अशी एक शंका निघाली. त्यावर म्हैसवाल्यांनी, “असू दे, दूध देती न्हवं,” असं म्हणून ती मोडून काढली.

खिडकीपाशी बसलेल्या दोघांना ‘क्वागा’ आला होता. हा कोण, म्हणून भाचीनं तिथल्या तिथं शोधलं. दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचा एक प्रकार. पुढून पट्टे, मागून तपकिरी, जणू रंगवणाऱ्याला मध्येच जेवायला बोलावलं. माणसांनी मारून मारून संपवला. शेवटची क्वागा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पोरांनी ही माहिती गंभीरपणे ऐकून घेतली. आपल्यातलं एक जनावर जगातच उरलेलं नाही आणि तरी ते आपल्या गावच्या पावसावर निबंध लिहितंय, याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. क्वागानं लिहिलं होतं, ‘पावसात भजी छान लागतात.’

हा एकत्र लिहिण्याचा उद्योग तसा आजचा नाही. १९६८ च्या डिसेंबरात डग्लस एंगेलबार्ट नावाच्या माणसानं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभेत बसून, कितीतरी मैलांवरच्या आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर एकच मजकूर हाताळून दाखवला होता. माऊसही त्यानं त्याच दिवशी लोकांपुढे आणला. त्यानंतर हे शास्त्र पृथ्वीप्रदक्षिणा करत, आपल्या सोयीनं, लेझमांच्या खोलीपर्यंत आलं. वाटेत ते शिक्षकांना भेटलं, ती मात्र फार करुण कथा आहे. केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकच गुगल शीट भरायची असते. रात्री दहाला ग्रुपवर निरोप येतो, ‘माहिती आजच तातडीने भरावी’. मग पन्नासेक माणसं, कुणी जेवता जेवता, कुणी मुलाला झोपवता झोपवता, त्या एका तक्त्यात उतरतात. ‘कृपया दुसऱ्याच्या रकान्यात हात घालू नये’ ही सूचना तांबड्या अक्षरांत वर असतेच. आणि मग कुणीतरी एक सद्गृहस्थ शाळांची नावं अकारविल्हे लावतो, फक्त नावं. बाकीचे रकाने जागच्या जागी. त्या रात्री गावोगावचा पट बदलतो, वीस पोरांच्या वाडीवर दोनशे गणवेश मंजूर होतात, आणि अकरा वाजता ग्रुपवर पहिला आवाज उमटतो, “कोण हाय रे ते?” कोणी नसतं. अनामिक असतं. भाची म्हणते, पोरांना सहकार्य शिकवायला आम्हाला का सांगतात ते आता कळलं. आम्हाला जमेना म्हणून.

शाळेत पोरं आणण्याची खटपट या मातीला जुनी आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया, म्हणजे पोरगं शेळ्यांमागं धाडणं परवडायचं नाही. सक्तीची पहिली शाळा १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीला सुरू झाली. एका शतकानं, २०२० मध्ये, करोनात, चक्र उलटं फिरलं. पोरांनी शाळेत येऊ नये म्हणून कुलूप लागलं आणि शाळाच घरी जायला निघाली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिली मिली’चे धडे लागायचे, लिंका यायच्या, पण घरात फोन एक आणि तो बापाच्या खिशात, बाप शिरोलीच्या एमआयडीसीत. भाचीच्या वर्गाची हजेरी म्हणून रात्री आठनंतर, म्हणजे बाप घरी आल्यावर, लागायची. अंधारात एकेक चौकट उजळायची, त्यात निम्मा चेहरा, निम्मं छप्पर, मागे पातेल्याचा आवाज. “बाई, ऐकू येतंय का?” एवढा एक धडा त्या वर्षी सगळ्यांचा पक्का झाला. आता परिस्थिती अशी की शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावला रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवतात आणि दीड तास टीव्ही नि मोबाइल बंद ठेवून पोरांना वह्यांपुढे बसवतात. एका पिढीत हातात फोन द्यायचा आणि भोंगा वाजवून काढूनही घ्यायचा, हे मला तरी विसंगत वाटत नाही. जेवणाच्या ताटाचंही आपण तसंच करतो.

तर ‘आमचा पाऊस’. तास संपला तेव्हा पानावर निबंध उभा होता, आणि तो भयंकर चांगला होता. म्हणजे त्यात सृष्टी हिरवा शालू नेसली होती, मोर नाचत होते, बळीराजा सुखावला होता आणि नद्या दुथडी भरून वाहत होत्या. सहा जनावरांतला जो तो दुसऱ्याचं वाकडंतिकडं वाक्य सरळ करत गेला, आणि शेवटी सगळ्यांना मान्य होईल असं जे उरलं ते गाईडात आधीपासून छापलेलं होतं. याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये ‘सृजन आनंद’ शाळा काढली ती मुलांनी आपल्या अनुभवाचं, आपल्या भाषेत बोलावं म्हणून. आणि इथं सहा कर्सरांना एकमत गाठायला चाळीस मिनिटं पुरली. क्वागाची भजीसुद्धा वगळली होती.

पोरं घरी गेल्यावर भाची म्हणाली, “थांबा मामा, खरं पुढंच हाय.” आणि तिनं व्हर्जन हिस्टरी उघडली.

आमच्या पाटीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिला काही आठवत नसे. थुंकी लावावी, बाहीनं पुसावं, वारा घालत, गाणं म्हणत वाळवावी, की सकाळच्या सगळ्या चुकांसह ती निर्मळ. किती अगाध पापं त्या काळ्या दगडानं गिळली असतील! या पानाचं तसं नाही. इथं लिहिलेलं राहतंच, पण खोडलेलंही राहतं. किती वाजता काय होतं ते यंत्र कुळकर्ण्याच्या दप्तरासारखं जपून ठेवतं. आम्ही दोघं चहा घेत तो निबंध मागे मागे नेत बसलो. मोर उडून गेले. शालू उतरला. भजी परत आली. एका ठिकाणी कुणीतरी ‘बाईंची छत्री मोडकी हाय’ असं लिहून लगेच सभ्य झालेलं दिसलं. आणि जिथं शेवटी नद्या दुथडी भरून वाहत होत्या, त्या वाक्याच्या खाली, आधीच्या एका थरात, हे होतं: ‘पाणि आलं तवा आबांनी म्हशीचं दावं सोडलं आणि आमी नावेत बसलो. म्हैस बगत होती.’

हा प्रदेशच असा, पुराचा. सक्तीच्या शाळेची ती चिखलीसुद्धा २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पाण्याखाली गेली. त्या वाक्यात आधी ‘पाणि’चं कुणीतरी ‘पाणी’ केलं होतं, ‘बगत’चं ‘बघत’ केलं होतं, ‘तवा’चा ‘तेव्हा’ झाला होता. मग सगळं वाक्यच निघालं. लिहिणाऱ्यानं काढलं की दुसऱ्यानं, ते कळायला मार्ग नाही; यंत्राच्या दप्तरी सगळे अनामिक एकाच नावाखाली. अक्षरावरून ओळखावं तर पानावर सगळ्यांचं अक्षर सारखंच घोटीव. पण भाचीनं ‘पाणि’ हा शब्द पाहिला आणि लगेच म्हणाली, “कळलं कोण ते.” वर्षभर ती त्या पोराची वेलांटी दुरुस्त करते आहे आणि तो वर्षभर ऱ्हस्वच काढतो. आता सगळ्यांचं अक्षर एक झाल्यावर, त्या पोराचं म्हणून जे काही कागदावर उमटतं, ते त्या चुकीतच. मी विचारलं, मग पुढच्या वेळी दुरुस्त करणार का? ती म्हणाली, “करायला तर लागतंय.” पण फार जोर लावून म्हणाली नाही.

जुनं पान परत आणायचं एक बटण तिथं असतं. तिनं ते दाबलं नाही. खोडलेलं माणसानं खोडलेलंच असावं, इतपत अब्रू सहावीतल्या पोरालाही असते. निबंधाच्या खाली तिनं फक्त एक ओळ टाइप केली, ‘म्हैस परत आली का?’ आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा सगळ्यांपुढे उघडून दिलं.

त्या दिवशीचा प्रकार तिनं मला फोनवर वाचून दाखवला. जनावरं बदलली होती. आधी कुणीच हललं नाही, पताका आपापल्या जागी फडफडत राहिल्या. मग अनामिक ऑटरनं विचारलं, ‘कुणाची?’ पाणघोड्यानं लिहिलं, ‘आमची आली. पाचव्या दिवशी. पोवत.’ त्याखाली, ‘आमची छावणीत होती.’ त्याखाली, ‘आमची न्हाई आली. मग नवी आणली.’ यावर पेंग्विनानं आपल्या म्हशीला परवा रेडी झाल्याचं सगळ्यांना कळवलं. मग दुधाचा विषय निघाला. एकानं दहा लिटर सांगितलं, दुसऱ्यानं ‘खोटं’ असं लिहून सहावर आणलं, त्यावर ‘सकाळचं सहा, संध्याकाळचं चार’ असा खुलासा झाला. कुणी कुणाचं वाक्य खोडलं नाही, वेलांट्यांकडे कुणी बघितलं नाही, आणि वर हिरवा शालू नेसलेली सृष्टी तशीच ताटकळत राहिली. भाची म्हणाली, “आता मामा, याला मार्क पावसाचे देऊ का दुधाचे?” मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, थांबा, आणखी एक आलंय. आत्तापर्यंत गप्प बसलेल्या अनामिक कोआलानं विचारलं होतं, ‘फॅट किती लागतंय?’