मेरीबाईंचा हट्ट

"काय हो काकू, सकाळपासून पुस्तकात डोकं?"

"अगं, वाचनालयातलं लिंकनचं चरित्र आहे. उद्या परत द्यायचंय, अंत्ययात्रेपाशी अडकलेय. माणूस गेला १५ एप्रिल १८६५ ला, आणि मूठमाती ४ मेला!"

"अगंबाई, एवढे दिवस?"

"आगगाडीनं नेला ना, वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला. आणि सरळ नाही हं. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, शिकागो... उतरवा, मिरवा, दर्शन द्या, पुन्हा गाडीत चढवा. अडीच हजार किलोमीटरच्या वर!"

"मग देहाचं काय होत असेल हो?"

"मसाला भरलेला, तरी चेहरा काळवंडत चाललेला. सोबतचा माणूस वाटेत पावडर लावायचा."

"शी!"

"पुढचं ऐक. न्यूयॉर्कात लोकांनी वाटेवरच्या खिडक्या भाड्यानं दिल्या."

"म्हणजे विसर्जनाला लक्ष्मी रोडवरच्या गॅलऱ्याच की!"

"तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. ज्यांची गुलामगिरी त्यानं मोडली, त्या काळ्या लोकांनाच तिथल्या पालिकेनं यात्रेत यायला बंदी केली. वॉशिंग्टनहून हुकूम आला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या मागे चालू दिलं."

"मेले! बायको काही बोलली नाही?"

"मेरीबाई होत्याच कुठे? व्हाइट हाउसमध्ये अंथरुणाला खिळलेल्या. नाटक बघताना शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी घातलेली, उठेल का कुणी? यात्रेत नाहीत, दफनाला नाहीत. थोरला रॉबर्ट तेवढा होता."

"नावं ठेवली असतील लोकांनी."

"कपड्यालत्त्याच्या उधळपट्टीवरून आधीच ठेवत होते. मला विचारशील तर घरी बसून बाई सगळ्यांना भारी पडली. मुलगा विली अकराव्या वर्षी गेलेला, १८६२ साली. त्याची पेटी थडग्यातून काढून बापाच्याच डब्यात ठेवली. आणि थडग्याचं तर विचारूच नकोस! स्प्रिंगफिल्डच्या गावकऱ्यांनी भर गावात जागा धरून काम सुरू केलेलं. ही म्हणते, छे, गावाबाहेर ओक रिजच्या दफनभूमीतच."

"ऐकलं त्यांनी?"

"दफन केलं तिथं. पण स्मारक तरी गावात बांधू म्हणून घोळ घालत बसले. हिनं ठणकावलं, स्मारकही तिथंच, नाहीतर नवऱ्याला वॉशिंग्टनला हलवते."

"खमकी हो! मग?"

"मग काय, मुकाट्यानं ओक रिजला बांधलं."

"आणि गावातली जागा?"

"तिथं पुढे राज्याचं विधानभवन उभं राहिलं."

"म्हणजे बाईच्या हट्टानं आमदारांची सोय झाली म्हणायची!"