कंपनीनं दाबून ठेवलंय!

कोल्हापुरात एखाद्याच्या दारात बॉनेट उघडं टाकलेली मारुती 800 दिसली, तर ती बिघडली आहे असा समज करून घेऊ नये. ती सुधारत असते. मालक खाली असतात. बाहेर फक्त स्लीपर घातलेले दोन पाय दिसतात. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणते. असे भाऊ सांगलीत आहेत, इचलकरंजीत आहेत, पिंपरी-चिंचवडला तर एकेका सोसायटीत जोडीनं सापडतात. वय पस्तिशीच्या पुढचं कुठलंही, नखांत न निघणारं ग्रीस, आणि मनात एक ठाम समजूत: कंपनीनं आपल्यापासून काहीतरी दाबून ठेवलंय.

या समजुतीला पुरावा आहे, आणि तो लॅमिनेट करून गाडीच्या कप्प्यात ठेवलेला आहे. सुझुकीनं 1987 साली जपानात 'अल्टो वर्क्स' नावाची चिमुकली गाडी काढली. इंजिन 543 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो. ताकद 64 अश्वशक्ती. "आणि आपल्याला काय दिलं? तीनच सिलिंडर, 796 सीसी, आणि त्यातनं सदतीस घोडी! राहिलेली कुणाच्या पागंत बांधली?" असं भाऊ विचारतात, तेव्हा ती आपणच चोरली असावीत असं वाटू लागतं.

खरी पंचाईत ही की मुद्दा भाऊंचाच बरोबर आहे. टर्बो म्हणजे सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या तापलेल्या धुरावर एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येतं, तर ताकद जास्त. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरचं याविषयीचं पेटंट 1905 सालचं आहे. भाऊ त्यांना 'आमचे ब्युखीसाहेब' म्हणतात. शिवाय भाऊंकडे एक प्रादेशिक मुद्दाही आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास, म्हणजे हवा रत्नागिरीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. कोकणातल्या इंजिनाला जास्त आणि घाटावरच्या इंजिनाला कमी, हा अन्याय टर्बोशिवाय दूर होणार कसा? यावर काय बोलणार? मला तरी कधी उत्तर सुचलेलं नाही.

टर्बो आला भंगारातून, एका ठोकलेल्या डिझेल गाडीचा. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, त्यामुळे हा टर्बो इथं किती टिकेल ही शंका कुणीतरी काढली. भाऊंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. राहिलं ते टर्बो इंजिनाला जोडायचं काम, आणि त्यासाठी शिवाजी उद्यमनगर आहे. जगात दुसरीकडे कुठंही असा वेडावाकडा फ्लँज करायला दिला तर माणसं आधी 'कशाला?' विचारतील. उद्यमनगरातला टर्नर फक्त 'एमएस का एसएस?' विचारतो. संध्याकाळी फ्लँज तयार, पाईपला आर्गन वेल्डिंगची सुबक शिवण, वर 'चालू झाली की एक चक्कर मारायला या' हा प्रेमळ दम.

हिशेब भाऊंनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मांडला होता. वातावरणाचा दाब साधारण साडेचौदा पीएसआय. आपण वरून सात द्यायचा, म्हणजे हवा दीडपट, म्हणजे सदतीसची पंचावन्न घोडी. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते, हा भाग पत्रिकेवर मावला नाही. दाब दाखवणारा काटा डॅशबोर्डवर अंबाबाईच्या फोटोशेजारी बसला. दोघांकडे आळीपाळीनं बघत भाऊ किल्ली फिरवतात.

आता तेलाची गोष्ट सांगायलाच हवी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तो तरंगत असतो तेलाच्या पातळ थरावर. हे तेल दाबानं आत येतं, पण परत जाताना ते निव्वळ स्वतःच्या वजनानं खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून परतीचा पाईप जाड हवा आणि उताराचा हवा. भाऊंच्या पाईपला मध्ये एक चढ होता. अगदी बोटभर. तेलाला तो चढवेना. ते मागं साठलं, सीलमधून धुराच्या वाटेला लागलं आणि पहिल्याच चक्करीत गल्लीभर निळा धूर पसरला. डासांसाठी महापालिकेची धुराची गाडी आली असं वाटून चार घरांनी खिडक्या उघडल्या, दोघींनी मुलांना गच्चीवर पाठवलं, आणि एका आजींनी 'यंदा वेळेत आले हो' म्हणून समाधान व्यक्त केलं. भाऊ त्यांचा गैरसमज दूर करायला थांबले नाहीत.

पुढं पाईप सरळ झाला, तर पिस्टन गेला. गाडीचा कॉम्प्युटर कंपनीचा; ही जास्तीची हवा त्याच्या हिशेबात नव्हती. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. नॉकिंग सुरू झालं, आणि भाऊ त्या टकटकीला 'सेटिंग होतंय' म्हणत राहिले. भोक पडलेला तो पिस्टन सध्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोच्या उजव्या हाताला आहे. पाहुण्यांना तो आधी दाखवला जातो. त्या जपानी गाडीचं कॉम्प्रेशन, पिस्टन, थंडाव्याची सोय सगळं त्या दाबासाठीच आखलेलं होतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "मग? तेच तर दाबून ठेवलंय!"

आता गाडी पळते, हे कबूल करायला हवं. पाय दाबला की आधी काहीच होत नाही, मग शिट्टी येते, मग गाडी अंगात आल्यागत सुटते. कागलच्या वाटेवर भाऊंनी एका भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीला मागं टाकलं. त्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर बोलायला कडेला थांबत होता, हे वहिनींनी पाहिलं. पण आमच्या घरी सोडून त्यांनी ते कुठंही सांगितलेलं नाही. ब्रेकचं विचारलं तर भाऊ म्हणतात, "ते कंपनीचेच हायत की." तेवढ्यापुरता कंपनीवर विश्वास आहे.

मात्र पळून आलेला टर्बो एकदम बंद करायचा नसतो, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल करपून बसतं. त्यामुळे भाऊ कुठंही पोचले की मिनिटभर इंजिन चालू ठेवून आतच बसतात. मेव्हणीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा जावई मांडवाच्या दारात टर्बो थंड करत होते.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळं असं काही गाडीत करता येत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग असतं. आदल्या रात्री भाऊ सगळं उतरवतात: टर्बो, पाईप, काटा. मूळ सायलेन्सर चढतो, चेंबरच्या भोकाला बूच बसतं, सकाळी गाडी शोरूममधून आल्यागत शहाणी दिसते. गेल्या खेपेला वहिनीही मुद्दाम बरोबर गेल्या. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इतक्या जुन्या गाडीचं इतकं चोख इंजिन मी पाहिलं नाही. काम कुणाचं?"

शिव्या, धूर, खर्च, सासरची नाराजी, सगळं भाऊंनी पचवलं होतं. कौतुकाची सवय नव्हती. त्यांचा चेहरा फुलला, हात खिशातल्या मोबाईलमधल्या फोटोंकडे गेला. "साहेब, हे तर काहीच नाही..."

"काल धुतलीय," वहिनी म्हणाल्या. "शिक्का कुठं मिळतो?"