रॉडवाले आण्णा

कोल्हापुरात माणसाला पक्ष नसला तरी चालतं, बाजू मात्र लागते. मिसळ फडतऱ्यांची की बावड्याची, फुटबॉलला पाटाकडील की शिवाजी, याचं उत्तर ज्याच्याकडं नाही त्याला इथं पाहुणा समजतात. मग गळ टाकणारे तरी बाजूविना कसे राहतील? पावसाळा सरून राजाराम बंधाऱ्याला बर्गे घातले, पंचगंगेचं पाणी तुंबलं, की काठावर एकेक जण येऊन बसतो. त्यांत एक रॉडवाले आण्णा असतातच. ओळखायची खूण सोपी आहे. बाकीच्यांचं लक्ष पाण्याकडं असतं, आण्णांचं दुसऱ्याच्या रॉडकडं.

"कुठली हाय? बघू."

उत्तराची वाट न बघता रॉड त्यांच्या हातात गेलेली असते. टोक जमिनीला टेकवून वाकवतात, रिंगांमधून बोट फिरवतात. मुठीच्या वर बारीक अक्षरं छापलेली असतात, ती चष्मा कपाळावर सरकवून वाचतात. "मीडियम हेवी, फास्ट ॲक्शन... हं." एवढं बोलून रॉड परत. त्या एका 'हं'पायी माणूस महिनाभर बायकोशी नीट बोलत नाही.

आण्णा शिमानोचे. दहा पावलांवर अबू गार्सियावाले तात्या बसतात. दोघं एकमेकांना सोडून कुठं जात नाहीत, कारण भांडणार कुणाशी?

"तुमची मूळची सायकलच्या फ्रीव्हीलची कंपनी," तात्या सुरुवात करतात. "१९२१ साली, जपानात. मासा धरायचाय का पंक्चर काढायचंय?"

"आणि तुमची? त्याच १९२१ सालची, स्वीडनची. खिशातली घड्याळं आणि टॅक्सीची मीटरं करत होती. मीटरवाल्यावर कोल्हापुरात कोण विश्वास ठेवतंय, मर्दा?"

काठावर हशा पिकतो. तात्यांचा गळ ओढला जातोय हे त्या गडबडीत तात्यांनाही कळत नाही.

आण्णांचं सगळं ज्ञान अमेरिकेतल्या बास माशाचं. १९३२ साली जॉर्जियात एकानं दहा किलोचा बास काढला. २००९ साली जपानच्या बिवा तलावात दुसऱ्यानं त्या विक्रमाची बरोबरी केली. "जपान!" आण्णा बोट वर करतात. त्यांच्या हिशेबानं मासा जपानचा, म्हणजे रॉडही जपानचीच चांगली. पंचगंगेत बास नाही, पण त्यानं काही अडत नाही. "मरळ म्हंजे आपला बासच की! पानाखाली दडून बसतो, रबरी बेडूक पुढनं गेला की झडप." आण्णांचा रबरी बेडूक रोज पुढनं जातो. मरळ झडप घालत नाही. "पाणी गढूळ हाय," आण्णा सांगतात. पाणी निवळ असलं, की म्हणतात, "लई निवळ हाय."

परवा एक शाळकरी पोरगं वेळूची काठी घेऊन आलं. गळाला कणकेची गोळी, तरंगीला थर्माकोलचा तुकडा. बघता बघता त्यानं चार चिलापी काढल्या. आता आण्णा काय करणार, म्हणून सगळा काठ माना वळवून बसला. आण्णा उठले. "बघू," म्हणून काठी घेतली, वाकवली, पेरं मोजली, चष्मा कपाळावर गेला.

"स्लो ॲक्शन," आण्णांनी निकाल दिला. "लेकानो, गोऱ्यांच्या जुन्या भारी रॉडी कशाच्या होत्या? बांबूच्याच! चीनमधला टोंकिन बांबू चिरून, सहा पट्ट्या चिकटवून करायचे. कुठला रं बांबू, बाळ?"

"आंब्याचा. मामाच्या गावचा."

"आंबा घाट! तरीच!"

दहा पावलांवरनं तात्या खाकरले. "आंब्याचा पोकळ असतोय. बांबू घ्यावा तो गगनबावड्याचा."

पोरानं पाचवी चिलापी काढली. ती बघायला मात्र कुणाला सवड नव्हती. काठावर तोवर आंबेवाले आणि बावडेवाले अशा दोन फळ्या पडल्या होत्या.